इंजिनकाम करू की गाडी मोडीत काढू?

लेखमाला : गाडी बाळगताना – भाग ६

मागच्या भागात आपण ऑइल, कूलंट आणि पट्टे वेळच्या वेळी का बदलायचे ते पाहिलं. एवढी निगा राखूनही कधीतरी मेकॅनिक मोठ्या खर्चाचा अंदाज हातात ठेवतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘लाखाच्या गाडीवर पन्नास हजार कशाला घालायचे?’ दुसरा म्हणतो, ‘गेल्याच वर्षी तीस हजार घातलेत, आता सोडायची कशी?’ दोघांचाही हिशोब चुकतो.

गेल्या वर्षीचे तीस हजार गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. ते या निर्णयातून वगळायचे. दुसरं म्हणजे, आपली गाडी विकून आलेल्या रकमेत तेवढीच धडधाकट, पूर्वेतिहास ठाऊक असलेली दुसरी गाडी सहसा मिळत नाही. म्हणून दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहू नका. पुढच्या दोन वर्षांत दुसऱ्या गाडीसाठी किती पैसे जातील, त्याच्याशी ताडून पाहा.

समजा, १२ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, १,४०,००० किलोमीटर चाललेली. क्लच प्लेट, पुढचे शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश आणि टायर मिळून ४५,००० रुपयांचा अंदाज आहे. नेहमीच्या देखभालीला वर्षाला १५,००० धरले, तर दोन वर्षांचे ७५,००० होतात, म्हणजे महिन्याला ३,१२५. याउलट ७ लाखांची नवी गाडी घेतली, तर दोन वर्षं उलटल्यावर विम्याच्या तक्त्यात तिची किंमत ३० टक्क्यांनी घटलेली धरतात. ही घट २,१०,००० ची, म्हणजे महिन्याला ८,७५०. कर्जाचं व्याज वेगळंच. नुसत्या पैशांचा विचार केला तर ही दुरुस्ती करावी.

पण हे गणित गाडीचा बाकीचा भाग चांगला असेल तरच खरं ठरतं. क्लच, ब्रेक, रेडिएटर, अल्टरनेटर हे झिजणारेच भाग आहेत. ते बदलले की प्रश्न मिटतो. इंजिनकाम महाग असतं, म्हणून नुसत्या धुराच्या रंगावर इंजिन उघडायला परवानगी देऊ नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काळा धूर जास्त इंधन जळत असल्याचा; त्यामागे कधीकधी तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला सेन्सरही असतो. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, मगच रिंग-पिस्टनची गोष्ट बोला.

खरा निकाल गंज देतो. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार पेलते. कोकणातली खारी हवा आणि आपला पावसाळा नेमका तिलाच खातो. मॅट उचलून फ्लोअर पाहा, स्टेपनीची जागा पाहा, दाराखालचे पट्टे आणि शॉकअब्सॉर्बर जिथे बॉडीला जोडले जातात त्या जागा पाहा. तिथे पत्रा पोखरला असेल, तर वर पत्र्याचा तुकडा डकवून रंग मारल्याने अपघातात लागणारी ताकद परत येत नाही.

सुरक्षिततेचंही तसंच. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ती नाही, एबीएसही नाही. ही उणीव गॅरेजमध्ये भरून निघत नाही. मुलाबाळांना घेऊन वरचेवर महामार्गावर जावं लागत असेल, तर स्वस्त पडते म्हणून अशी गाडी चालवत राहू नका.

आरसीवरची तारीखही पाहा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरच्या मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी चौदाव्या वर्षात असेल, तर हे खर्च आजच्या अंदाजात मिळवा. सीएनजी असेल, तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणीही धरा.

मोडीत काढायचंच ठरलं, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. कागदपत्रांविना भंगारात दिलेली गाडी सरकारदरबारी तुमच्याच नावावर राहते.

तेव्हा होकार देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून पूर्ण तपासून घ्या. आत्ता हवीत ती कामं, सहा महिन्यांत लागतील ती आणि थांबू शकतील ती, अशी यादी लेखी मागा. शक्यतो दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवा. सांगाडा शाबूत असेल, गाडी तुमच्या वापराला पुरेशी सुरक्षित असेल आणि दोन वर्षं बिनघोर निघणार असतील, तर दुरुस्ती जरूर करा. भार पेलणारा पत्राच गेला असेल, तर इंजिन कितीही गोड चालो, त्या गाडीवर आणखी एक रुपयाही घालू नका.