बिनवाटेच्या चढाईचे नियोजन : माहुली डोंगराचे उदाहरण

ठाणे, डोंबिवली व कल्याण ही नगरे दाट वस्तीची असली, तरी अरण्यमय डोंगरांपासून ती फारशी दूर नाहीत. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचा डोंगर आहे. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड आणि त्यापलीकडे चंदेरी व माथेरानची रांग आहे. आणि कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूस, शहापूर तालुक्यात, माहुलीचा विस्तीर्ण डोंगर उभा आहे. या डोंगरांवर रुळलेल्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु वनस्पतींचा अभ्यास, भूस्तरांचे निरीक्षण, जुन्या अवशेषांचा शोध किंवा केवळ भ्रमंतीची हौस, अशा निरनिराळ्या कारणांनी वाट सोडून माथा गाठू इच्छिणारेही अनेक असतात. अशा चढाईचा बेत कसा आखावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यासाठी माहुलीचे उदाहरण घेतले आहे. बेत पायथ्यापासून माथ्याकडे आखण्याची जी स्वाभाविक रीत आहे ती येथे उलट करावी लागते, म्हणजे उतरण्याचा विचार प्रथम करावा लागतो, असे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. डोंगराची घडण

सह्याद्री व त्याच्या पश्चिमेकडील डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून बनलेले आहेत. लाव्हाचे थर एकावर एक, बहुतांशी आडवे, पसरत गेले. काही थर कठीण तर काही ठिसूळ असल्यामुळे त्यांची झीज सारखी झाली नाही. कठीण थरांचे उभे कडे उरले. ठिसूळ थरांच्या जागी उतरंडी व सपाट पट्टे तयार झाले. त्यामुळे या डोंगरांची बाजू सलग उताराची नसून पायऱ्यापायऱ्यांची असते : उतार, कडा, पट्टा, पुन्हा उतार, पुन्हा कडा. अरण्य वाढते ते मुख्यतः उतारांवर व पट्ट्यांवर. खालून पाहणाऱ्यास हे अरण्य अखंड हिरवे आवरण वाटते व त्याआड दडलेले लहान कडे दिसत नाहीत.

माहुलीची उंची सुमारे २,८१५ फूट, म्हणजे ८५८ मीटर आहे. पळसगड, माहुली व भंडारगड असे त्याचे तीन भाग असून भंडारगडाच्या बाजूचे उभे सुळके आसनगाव परिसरातून स्पष्ट ओळखू येतात. माहुली गावातून माथ्यावर जाणाऱ्या रूढ वाटेवरही शेवटी लोखंडी शिडी चढावी लागते. जेथे शतकानुशतके माणसांचा राबता होता तेथेही शेवटचा कडा सुगम झाला नाही, ही गोष्ट वाट सोडू पाहणाऱ्याने आरंभीच मनात धरावी. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांचा या गडावरील हल्ला अपयशी ठरला आणि त्याच वर्षाच्या जूनमध्ये गड हाती आला. शत्रूइतकाच हा डोंगरही त्या काळी एक प्रतिपक्ष होता.

अशा रचनेत माथ्याकडे नेणाऱ्या नैसर्गिक जागा दोनच प्रकारच्या असतात. एक सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. आणि दुसरी नाळ, म्हणजे कड्याला पडलेली चिंचोळी, दगडगोट्यांनी भरलेली खाच. बिनवाटेच्या चढाईचे नियोजन म्हणजे या सोंडा व नाळा यांचा शोध, आणि त्या कोणत्या कड्यापाशी संपतात याचा अंदाज.

२. चढ आणि उतार यांतील भेद

चढणे व उतरणे या एकाच क्रियेच्या दोन दिशा आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. बिनवाटेच्या प्रवासात ती खरी नाही. डोंगर चढताना सर्व सोंडा माथ्याकडे एकत्र येत जातात. त्यामुळे दिशा थोडी चुकली तरी माणूस अखेर माथ्याच्या जवळपास पोचतो. उतरताना याच सोंडा एकमेकींपासून फाकत जातात. माथ्यावर पन्नास पावलांची चूक झाली, तर पायथ्याशी तिचे अंतर दोन-तीन मैलांचे होऊ शकते, आणि मधे एखादे खोरेही येऊ शकते.

माहुलीच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. डोंगराच्या पूर्वेच्या अंगास लोहमार्ग व मुंबई-नाशिक महामार्ग आहेत. त्या बाजूस उतरलेला मनुष्य काही वेळाने त्यांपैकी एकापाशी येतोच. उत्तर व पश्चिम बाजूंस मात्र तानसा खोऱ्याचे अरण्य आहे, आणि त्यात मुंबईला पाणी पुरविणारा, १८९२ मध्ये पुरा झालेला तानसा जलाशय आहे. त्या बाजूस उतरलेल्या माणसाला अडविणारी अशी कोणतीही मानवनिर्मित रेषा लवकर भेटत नाही. यावरून पहिला नियम असा निघतो की, चुकल्यास आपण कोणत्या रेषेला जाऊन मिळू हे ठरविल्याशिवाय डोंगराची बाजू निवडू नये.

दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रवाहाची. “वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली जावे, म्हणजे गाव लागते” असा एक उपदेश सर्वत्र ऐकू येतो. सपाट वा सौम्य उताराच्या प्रदेशात तो उपयुक्त असेलही. पायऱ्यांच्या डोंगरात तो घातक आहे. येथे प्रत्येक ओढा प्रत्येक कड्यावरून उडी घेतो. पावसाळ्यात जेथे धबधबा असतो, तेथे हिवाळ्यात कोरडा, गुळगुळीत, उभा खडक उरतो. संध्याकाळी घाईने ओढ्यात शिरलेला मनुष्य दीड पुरुष उंचीचा एक टप्पा कसाबसा घसरत उतरतो; पुढचा टप्पा तीन पुरुषांचा निघतो; तो उतरता येत नाही आणि मागचा पुन्हा चढता येत नाही. दोन कड्यांच्या मधे माणूस अडकतो तो या क्रमाने. म्हणून जेथून परत वर चढता येणार नाही तेथे खाली उतरू नये, हा नियम कोणत्याही अपवादाशिवाय पाळावा. उतरताना समोरच्या झाडांचे शेंडे आपल्या पायांच्या पातळीत दिसू लागले की पुढे कडा आहे असे समजून थांबावे.

३. नकाशावरील काम

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे या कामी आधारभूत होत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी उपयोगासाठी नकाशांची वेगळी मालिका काढण्यात आली. या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर होतात, आणि समोच्चरेषांतील अंतर २० मीटरांचे असते. या दोन आकड्यांतच नकाशाची मर्यादा दडलेली आहे. पंधरा मीटर उंचीचा कडा दोन समोच्चरेषांच्या मधे बसू शकतो व नकाशावर त्याची खूणही उमटत नाही. तीस मीटर रुंदीची नाळ नकाशावर अवघी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक भरते. तेव्हा रेषा दाट असतील तेथे कडा निश्चित आहे असे म्हणता येते. परंतु रेषा विरळ असतील तेथे कडा नाही असे मात्र म्हणता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे दोन उपाय आहेत. पहिला, उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रे. ती फेब्रुवारी ते मे या पानगळीच्या काळातील असतील तर उघडे कडे ओळखता येतात. दुसरा व अधिक विश्वसनीय उपाय म्हणजे पायथ्याच्या वस्त्यांतील माणसे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांतील अनेकांना आपल्या भागातील प्रत्येक नाळ व घळ माहीत असते. त्यांना “वर जाता येईल का?” असे न विचारता “या नाळेने तुमच्यापैकी कोणी अलीकडे उतरले आहे का?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सौजन्यापोटी होकारार्थी येण्याचा संभव असतो. दुसऱ्याचे उत्तर अनुभवाचे असते.

अरण्यात ढोरवाटा व लाकूडफाट्याच्या वाटा भरपूर असतात. त्या माथ्याकडे नेण्यासाठी पडलेल्या नसून चराईच्या वा लाकडाच्या जागेपाशी विरून जातात. त्यांचा उपयोग दिशा जुळत असेल तेवढ्यापुरताच करावा.

दिशादर्शनासाठी होकायंत्र पुरेसे आहे. मुंबई-ठाणे भागात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक एक अंशाहूनही कमी असल्याने तो व्यवहारात सोडून देता येतो. तथापि दाट झाडीत चालताना पाच अंशांची चूक सहज होते, आणि सहाशे मीटर अंतरावर पाच अंशांची चूक सुमारे ५२ मीटरांची होते. तीस मीटर रुंदीच्या नाळेवर नेम धरून निघालेला मनुष्य कड्याच्या पायथ्याशी पोचतो तेव्हा नाळ उजवीकडे राहिली की डावीकडे, हे त्याला कळत नाही. यावर उपाय असा की, मुद्दाम एका बाजूस, उदाहरणार्थ दहा अंश डावीकडे, नेम धरावा. मग कड्याला भिडल्यावर नाळ उजवीकडेच आहे याविषयी शंका उरत नाही. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचे साधन जवळ असल्यास उत्तम. परंतु उंच कड्यालगत व घनदाट पानांखाली त्याच्या दर्शविलेल्या स्थानात चूक येऊ शकते, आणि त्याची विद्युत्शक्ती संपते, हे जाणून नकाशा कागदावर बाळगावा.

४. वेळेचा हिशेब

स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. मेट्रिक मापांत तो असा मांडता येईल : दर पाच किलोमीटर अंतरास एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढास एक तास. माहुली गावातून माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे ४ किलोमीटर व चढ सुमारे ७५० मीटर धरला, तर रूढ वाटेने साधारण दोन तास होतात. झाडी, सुटे दगड व वारंवार थांबून दिशा पाहणे यांसाठी बिनवाटेच्या चढाईत हा काळ दुप्पट, म्हणजे चार तास, धरणे योग्य होय.

डिसेंबरच्या मध्यास या भागात सूर्योदय सुमारे सात वाजता व सूर्यास्त सुमारे सहा वाजता होतो. सात वाजता आसनगाव स्थानक सोडल्यास सुमारे पाच किलोमीटरवरील माहुली गाव आठ वाजता येते. बारा वाजता माथा, पाऊण तास विश्रांती, आणि बिनवाटेनेच चार तासांत उतरल्यास पावणेपाच वाजता गाव व पावणेसहाला स्थानक, असा हिशेब होतो. म्हणजे सर्व काही विनाविघ्न पार पडले तरी हाती पंधरा मिनिटे उरतात. उलटपक्षी रूढ वाटेने दोन तासांत उतरल्यास पावणेचारला स्थानक गाठता येते व सव्वादोन तास शिल्लक राहतात. यावरून बिनवाटेने चढावे व परिचित वाटेने उतरावे हा निष्कर्ष केवळ सावधगिरीचा न राहता गणिताचा ठरतो. या अक्षांशांत संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत अरण्यात पाऊल टाकणे अशक्य होते.

याच आकड्यांतून परत फिरण्याची वेळही काढता येते. सूर्यास्ताच्या एक तास आधी, म्हणजे पाच वाजता, गावात असले पाहिजे असे ठरविल्यास आठ ते पाच असे नऊ तास मिळतात. आल्या मार्गाने परतण्यास जाण्याइतकाच वेळ लागेल असे धरून त्याचे दोन भाग केले की साडेबारा ही वेळ येते. साडेबारापर्यंत माथा किंवा परिचित वाट हाती आली नाही, तर माथा कितीही जवळ दिसत असला तरी मागे फिरावे. ही वेळ घरी असतानाच कागदावर लिहून ठेवावी. कारण डोंगरावर, माथा दृष्टिपथात असताना, ती ठरविणारे मन निःपक्षपाती राहत नाही.

५. ऋतू व वनस्पती

जून ते सप्टेंबर हे महिने बिनवाटेच्या चढाईस सर्वथा वर्ज्य होत. नाळांतून पाणी व दगड दोन्ही येतात. ऑक्टोबरात गवत व झुडपे माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली असतात. मार्च ते मे या काळात साग, ऐन इत्यादी वृक्षांची पाने गळून दृष्टी मोकळी होते, परंतु उष्णता असह्य होते, पाणी आटते व वणव्याची भीती असते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हाच योग्य काळ होय.

झुडपांत कारवीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सुमारे आठ वर्षांतून एकदा सामुदायिक रीतीने फुलणारी ही वनस्पती उतारांवर पुरुषभर उंचीची दाट भिंत उभी करते. येऊरच्या बाजूस ती २०१६ व २०२४ मध्ये फुलली होती. बहरानंतर झुडपे वाळतात; वाळलेले कारवीचे दांडे हाताच्या आधारास मुळीच विश्वसनीय नसतात, आणि घसरणाऱ्याच्या हाती ते मुळासकट येतात.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, गोंगाट व उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. खडकाळ भागात फुरसे आढळते. न दिसणाऱ्या खबदाडीत हात घालू नये. दंश झाल्यास अवयव स्थिर ठेवून शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. जखम कापणे किंवा करकचून बांधणे अपायकारक आहे.

६. परवानगी व सिद्धता

येऊरचा डोंगर सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि माहुलीचा परिसर तानसा अभयारण्याशी निगडित आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा क्षेत्रांत अनुज्ञेशिवाय प्रवेश करता येत नाही. तेव्हा बेताची पहिली पायरी नकाशा ही नसून वनविभागाचे कार्यालय ही होय. नियोजित मार्ग दाखवून अनुज्ञा मागावी. ती न मिळाल्यास बेत तेथेच संपला असे मानावे. या नियमाचे प्रयोजन केवळ माणसाच्या रक्षणाचे नाही. बिबट्यासारख्या प्राण्यांना माणसाविना असलेली जागा उरावी हेही त्यात अभिप्रेत आहे.

संघात किमान चार व्यक्ती असाव्यात. एकास दुखापत झाल्यास एकाने त्याच्याजवळ राहावे व दोघांनी मदतीस जावे, हे त्यामागील कारण. प्रत्येकी तीन ते चार लिटर पाणी घ्यावे. माथ्यावरील टाक्याचे पाणी हिशेबात धरू नये. विजेरी, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य व उबदार वस्त्र हे एक दिवसाच्या बेतातही अवश्य असावे. मार्ग, व्यक्तींची नावे व परतण्याची अखेरची वेळ लिहिलेला एक कागद घरी व दुसरा पायथ्याच्या गावात ठेवावा. त्या वेळेनंतर ११२ या क्रमांकावर कळवावे, हेही कागदावर नमूद करावे.

समारोप

अनुज्ञा, उतरण्याची बाजू, अडविणारी रेषा, परत फिरण्याची वेळ आणि सर्वांत शेवटी चढण्याचा मार्ग, असा या नियोजनाचा क्रम आहे. लोहमार्गावरून दिसणारा माथा चढण्याच्या मार्गाचाच विचार प्रथम करावयास लावतो आणि बहुतेक बेत तेथूनच सुरू होतात. पायऱ्यांचा डोंगर मात्र चढणाऱ्याची चूक बहुधा सावरून घेतो, उतरणाऱ्याची घेत नाही. बेत माथ्यावरून खाली आखण्याचे प्रयोजन यातच आहे.