उत्तरेकडचा काळोखी हिवाळा : शरीर आणि मनावर काय परिणाम होतो?

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड किंवा आइसलँडला शिकायला अथवा नोकरीला निघालेल्या मुलामुलींच्या घरी तयारी होते ती मुख्यतः थंडीची. थर्मल, लोकरीचे मोजे, जाड जॅकेट सगळे बॅगेत भरले जाते. प्रत्यक्षात तिथली घरे, बस आणि कार्यालये चांगली उबदार असतात. बाहेरची थंडी कपड्यांनी भागते. जास्त त्रास होतो तो अंधाराचा, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगितलेले नसते.

मग डिसेंबरमध्ये फोनवर मुलगा किंवा मुलगी "झोपच पुरत नाही", "काही करावेसे वाटत नाही" असे म्हणू लागते. घरच्यांना वाटते, घरची आठवण येत असेल किंवा आळस असेल. कधी तसे असतेही. पण यामागे एक वैद्यकीय कारण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून रुग्ण आणि घरचे, दोघांनीही ही माहिती वाचावी.

दिवस इतका लहान का होतो?

पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे हिवाळ्यात उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकलेला असतो. विषुववृत्तापासून जितके उत्तरेला जावे तितका हा फरक वाढतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दिवसाची लांबी अशी असते :

- पुणे : सुमारे ११ तास
- स्टॉकहोम, ऑस्लो, हेलसिंकी : साधारण ६ तास
- रेक्याविक : साधारण ४ तास
- ट्रोम्सो (उत्तर नॉर्वे) : नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही वेळ निळसर संधिप्रकाश दिसतो.

अंधार म्हणजे कडाक्याची थंडी, असे समीकरण मात्र नाही. समुद्रातील उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली फक्त तीन-चार अंश असते. म्हणजे दोन महिने सूर्य न दिसणाऱ्या गावातही थंडी सोसण्याजोगी असते.

दिवसाच्या लांबीइतकीच सूर्याची उंचीही महत्त्वाची आहे. डिसेंबरच्या दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, स्टॉकहोममध्ये जेमतेम ७ अंश. डोंगराआड असलेल्या गावांत तर तेवढेही ऊन पोहोचत नाही. नॉर्वेमधील र्‍युकान हे गाव खोल दरीत आहे. तिथे साधारण सहा महिने थेट ऊन पडत नाही, म्हणून २०१३ मध्ये डोंगरावर मोठे आरसे बसवून गावातल्या चौकात सूर्यप्रकाश वळवण्यात आला.

प्रकाश कमी झाला की शरीरात काय होते?

आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असते. डोळ्यांच्या पडद्यावरील काही पेशींचे काम दृश्य दाखवण्यापेक्षा 'उजाडले आहे' हा निरोप या घड्याळाला देण्याचे असते. सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला की झोपेचा निरोप देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होते आणि शरीर जागे होते.

घरातील दिव्यांचा उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण घड्याळाला तो कमी पडतो. प्रकाश लक्स या एककात मोजतात. चांगल्या उजेडाच्या ऑफिसात ३०० ते ५०० लक्स असतात, भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स मिळू शकतात. जो माणूस अंधारात कामाला जातो आणि अंधारातच परततो, त्याच्या मेंदूला दिवस उजाडल्याचे नीट कळतच नाही.

हिवाळी नैराश्य कसे ओळखावे?

१९८४ मध्ये अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले. याला ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप आणि भूक कमी होते. इथे बहुधा उलट दिसते :

- खूप झोप येणे, तरीही थकवा न जाणे
- भात, ब्रेड, गोड पदार्थ खाण्याची सतत इच्छा, वजन वाढणे
- हातपाय जड वाटणे
- लोकांना टाळणे, फोन न उचलणे
- अभ्यासात किंवा कामात लक्ष न लागणे

सलग किमान दोन वर्षे त्याच ऋतूत त्रास झाला आणि वसंत ऋतूत तो आपोआप ओसरला, तर हे निदान पक्के करता येते. पहिल्याच हिवाळ्यात त्रास होत असेल तर नावासाठी थांबू नका. नैराश्याची लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली की डॉक्टरांना भेटावे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेणे योग्य, कारण यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ विसरू नये.

उपचार : प्रकाशाचाही डोस असतो

*सकाळी किंवा दुपारी बाहेर पडणे.* उजेड असताना रोज किमान अर्धा तास बाहेर चालावे, आकाश ढगाळ असले तरी.

*प्रकाशदिवा.* १०,००० लक्सचा, अतिनील किरणे गाळणारा दिवा वापरतात. सकाळी उठल्यावर लवकर, साधारण ३० मिनिटे, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर तो ठेवून बसायचे. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावून बघायचे नाही. चहा-नाश्ता किंवा वाचन चालू ठेवता येते. फरक बहुधा एक-दोन आठवड्यांत जाणवतो. संध्याकाळी वापरल्यास झोप उडू शकते.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार, बायपोलर आजार किंवा त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये.

*समुपदेशन आणि औषधे.* विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत आणि नैराश्यावरील औषधे या दोन्हींचा उपयोग होतो. वसंत आला म्हणून औषध मनाने बंद करू नये.

व्हिटॅमिन डीचे काय?

त्वचेत व्हिटॅमिन डी तयार होण्यासाठी सूर्य पुरेसा उंच लागतो. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा बरीच लांब असेल, तर त्या उन्हातून व्हिटॅमिन डी फारसे मिळत नाही. स्टॉकहोममध्ये डिसेंबरच्या दुपारी सावली उंचीच्या सुमारे आठपट असते. सावळ्या त्वचेला तर जास्त ऊन लागते. म्हणून आपल्या लोकांना कमतरतेचा धोका अधिक.

तिथे मोठ्यांना साधारणतः रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, व्हिटॅमिन डीची शिफारस असते. तेलकट मासे आणि व्हिटॅमिन डी मिसळलेले दूध यांतून काही भाग मिळतो. तुमची गरज तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

इथे एक सूचना महत्त्वाची. भारतातून ६०,००० युनिटची पाकिटे पाठवण्याची पद्धत आहे. हा डोस बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक काळासाठीच असतो. तो रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, खूप तहान, गोंधळलेपणा आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तसेच, व्हिटॅमिन डी मुख्यतः हाडांसाठी आहे. उदास वाटण्यावर फक्त त्याच्यावर विसंबू नये.

उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी

जूनमध्ये चित्र उलटे होते. स्टॉकहोममध्ये दिवस साडेअठरा तासांचा असतो आणि ट्रोम्सोमध्ये सूर्य मावळतच नाही. झोप बिघडली की रक्तदाब आणि साखरही बिघडू शकते.

- 'अंधार पडल्यावर जेवू' असे म्हणू नका. जेवण, झोप आणि गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्या.
- खोलीला जाड, काळोख करणारे पडदे लावून घ्या किंवा डोळ्यांवर पट्टी बांधा.
- इन्सुलिन घेत असाल तर नव्या वेळा प्रवासाआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- बायपोलर आजार असेल तर कमी झोपूनही उत्साह वाढणे हे धोक्याचे लक्षण समजा.

घरच्यांनी काय करावे?

"आम्ही नाही का दिवस काढले?" असे म्हणू नका. त्याऐवजी वेळ साधून फोन करा. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजतात, तेव्हा स्वीडन आणि नॉर्वेत बारा वाजलेले असतात. आपल्या चहाच्या वेळेला फोन लावा आणि "बाहेर चालता चालता बोल" असे सांगा. गप्पाही होतील आणि उजेडही मिळेल.

बोलण्यात "जगण्यात अर्थ नाही", "मी नसतो तर बरे" अशी वाक्ये आली तर ती हवेवर सोडू नका. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. तिथल्या मित्राला किंवा शेजाऱ्याला लगेच त्याच्याजवळ जायला सांगा. युरोपात तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. तुम्हाला स्वतःला सल्ला हवा असेल तर भारतात टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

उत्तरेकडचा हिवाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो, त्यामुळे तयारीही आधीच करता येते. सप्टेंबरमध्येच तपासण्या, दिवा आणि रोजच्या चालण्याची वेळ ठरवून ठेवली, तर पुढचे काळोखी महिने बरेच सुसह्य होतात.