थंडीत जुनी गाडी रुसते तेव्हा...

नाशिक-पुण्यात पारा १० अंशांखाली उतरला की जुन्या पेट्रोल मोटारी सकाळी हटून बसतात. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल दाट होते. ताकद घटते तेव्हाच भार वाढतो. मात्र नव्या बॅटरीचा खर्च करण्यापूर्वी आवाज ऐकावा. किल्ली फिरवताच नुसती ‘टक-टक’ झाली, तर टर्मिनलवरील पांढरा थर साफ करून ते घट्ट बसवावेत. मग व्होल्टेज तपासावे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन जोमाने फिरूनही सुरू होत नसेल, तर दोष बहुधा स्पार्क प्लगमध्ये किंवा इंधनपुरवठ्यात असतो. कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढून पाहावा. स्टार्टर सलग १० सेकंदांहून अधिक फिरवू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.