जॅकी, तिचा चेलो आणि मुंबईचे ‘मोशे कोहेन’

जेरुसलेम, 15 जून 1967. सहा दिवसांचं युद्ध संपून जेमतेम पाच दिवस झालेत आणि शहरात एक लग्न निघालंय. नवरी 22 वर्षांची, इंग्लंडची, चेलो वाजवून जगभर नाव कमावलेली. नवरा 24 वर्षांचा पियानोवादक, डॅनियल बॅरेनबॉइम. लग्न ज्यू पद्धतीचं, तेव्हा साक्षीदारही ज्यूच हवा. ‘मोशे कोहेन’ नावाचे एक गृहस्थ पुढे झाले आणि काम भागलं. हे कोहेन मुंबईत जन्मलेले, धर्मानं पारशी, आणि त्यांचं खरं नाव झुबिन मेहता! दोस्ताच्या लग्नासाठी जगप्रसिद्ध संगीत-संचालकानं एका दिवसापुरतं नाव बदललं.

आणि ती नवरी म्हणजे जॅकलिन दु प्रे. घरच्यांची आणि चाहत्यांची जॅकी. विसाव्या शतकात चेलो ज्यांच्यामुळे घराघरांत पोचला, त्यांत तिचं नाव फार वर आहे.

आपण चेलो ऐकलाय, बरं का!

चेलो हे व्हायोलिनच्याच घराण्यातलं वाद्य, पण उंची सुमारे चार फूट. खुर्चीवर बसून ते दोन गुडघ्यांमध्ये धरायचं, खालची सळई जमिनीवर टेकवायची आणि घोड्याच्या केसांचा गज तारांवर फिरवायचा. तारा चारच, पण भारदस्त खर्जापासून बाईच्या चढ्या सुरापर्यंत त्यावर सगळं निघतं. माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं पाश्चात्त्य वाद्य मला तरी ठाऊक नाही.

नांदेडकरांना गजाचं वाद्य परकं नाही. शीख कीर्तनाच्या परंपरेत मोराच्या आकाराचा ताऊस आहे, दिलरुबा आहे. दोन्ही गजानंच वाजतात. आणि चेलो म्हणाल, तर विविध भारतीवर जुनी गाणी ऐकणाऱ्या नांदेड-लातूरच्या प्रत्येकाच्या कानावरून तो गेलेला आहे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातली बासू-मनोहारी ही जोडी आठवते? त्यातले मनोहारी सिंग सॅक्सोफोनवाले, आणि बासू चक्रवर्ती चेलोवाले!

उशीखालचं नाही, उशीवरचं संगीत

जॅकीचा जन्म ऑक्सफर्डचा, 26 जानेवारी 1945. चार वर्षांची असताना तिनं बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात चेलोचा आवाज ऐकला आणि आईकडे हट्ट धरला, मला हेच पाहिजे. आई आयरिस स्वतः पियानोवादक. लेकीला वाजवता येतील अशा छोट्या छोट्या धून ती रात्री जागून रचायची, कागदावर रंगीत चित्रं काढायची आणि कागद झोपलेल्या पोरीच्या उशीवर ठेवायची. सकाळी उठली की जॅकी आधी चेलोकडे धावायची. संगीत शिकवायची याहून गोड तऱ्हा कुठे वाचायला मिळणार?

दहाव्या वर्षी विल्यम प्लीथ हे गुरू मिळाले. त्यांना ती ‘चेलो डॅडी’ म्हणायची. पुढे पाब्लो कासाल्स, पॉल तोर्तलिए आणि मॉस्कोत रोस्त्रोपोविच अशा दिग्गजांकडेही ती शिकली, पण गुरू म्हणून तिनं मानलं ते प्लीथनाच.

1956 मध्ये, नुकतं अकरावं सरलेलं असताना, तिला ‘सुजिया’ पुरस्कार मिळाला. त्याचीही गोष्ट छान आहे. गिलेर्मिना सुजिया ही पोर्तुगालची थोर चेलोवादक. आपल्या पश्चात आपला स्ट्रॅडिव्हेरियस चेलो विकावा आणि त्या पैशातून होतकरू पोरांना शिकवावं, अशी व्यवस्था तिनं केली होती. त्याच पुरस्काराची मानकरी जॅकी! अट एकच, रोज चार तास रियाज. शाळा मागे पडली ती पडलीच.

1 मार्च 1961, लंडनचा विग्मोर हॉल, जॅकीची पहिली मोठी मैफल. काही मिनिटांतच चेलोची तार सैल पडायला लागली. सोळा वर्षांच्या पोरीनं काय करावं? ती थांबली, श्रोत्यांची माफी मागितली, आत जाऊन तार बदलून आली आणि पुन्हा वाजवायला बसली. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं.

पडलेली रचना उचलणारी पोरगी

आता खरी गोष्ट. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकारानं पहिल्या महायुद्धानंतर चेलोसाठी एक कंचेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, लिहिली. 27 ऑक्टोबर 1919 ला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं तो पहिल्यांदा वाजवला आणि प्रयोग सपशेल पडला. कारण साधं होतं. त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या संचालकानं तालमीचा बहुतेक वेळ आपल्या वाट्याच्या रचनांवर खर्चून टाकला, एल्गारच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. त्या रात्री ऑर्केस्ट्रात मागे बसून चेलो वाजवणारा एक तरुण होता, जॉन बार्बिरोली.

तोच बार्बिरोली पुढे मोठा संचालक झाला. सुजिया पुरस्काराच्या परीक्षकांमध्ये तो होता. आणि 19 ऑगस्ट 1965 ला लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये हाच कंचेर्टो ध्वनिमुद्रित करायला तो उभा राहिला, तेव्हा ऑर्केस्ट्रा तीच, लंडन सिम्फनी, आणि समोर चेलो घेऊन बसलेली जॅकी. वय वर्षं 20.

ही रचना म्हणजे युद्धानं थकलेल्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा शोक. विशीतल्या मुलीला तो कुठून कळला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण सुरुवातीलाच एकटा चेलो जे चार जड स्वरमेळ काढतो, ते जॅकीच्या हातून ऐकले की अंगावर काटा येतो. साठ वर्षं झाली, हे ध्वनिमुद्रण अजून विकलं जातं, आणि एल्गारचा कंचेर्टो आज चेलोवादकाला टाळताच येत नाही.

तिच्या हातातलं वाद्यही राजेशाही. 1712 सालचा ‘दाविदोव्ह’ स्ट्रॅडिव्हेरियस, तिच्या गॉडमदरनं दिलेला. आज तो चेलोवादक यो-यो मा वाजवतात. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीत जो चेलो यो-यो मा विसरले आणि त्याच दिवशी परत मिळाला, तो मात्र हा नव्हे. तो 1733 चा, व्हेनिसच्या मोंतान्यानाचा. जॅकीचा दाविदोव्ह सुखरूप आहे!

पाच दोस्त आणि एक मासा

आपले मोशे कोहेन दुसऱ्यांदा भेटतात 30 ऑगस्ट 1969 ला. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये शूबर्टचा ‘ट्राउट’ पंचक वाजणार होता. ट्राउट हा नदीतला मासा. पियानोवर बॅरेनबॉइम, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, व्हिओलावर पिंकस झुकरमन, चेलोवर जॅकी. मग डबल बेसवर कोण? झुबिन मेहता! पाचांत वयानं थोरले तेच, 33 वर्षांचे. तेव्हा ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संचालक होते, पण तरुणपणी व्हिएन्नात ते डबल बेस शिकले होते.

झुबिनच्या घरात संगीत आधीपासूनच होतं. वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभी केली आणि पुढच्याच वर्षी झुबिनचा जन्म झाला. मुलानं डॉक्टर व्हावं म्हणून अभ्यास सुरूही झाला होता. पण 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, पोरानं व्हिएन्ना गाठलं.

ख्रिस्तोफर न्यूपन यांनी त्या ‘ट्राउट’वर फिल्म केली. मैफलीआधी हे पाचजण एकमेकांची वाद्यं ओढून घेत, उलटसुलट वाजवत जी मस्ती करतात ती बघाच. शास्त्रीय संगीत म्हणजे गंभीर चेहरे, असं वाटणाऱ्या आपल्या मुलांना तर जरूर दाखवा.

दहा-बारा वर्षांची कारकीर्द

1971 च्या सुमारास जॅकीच्या बोटांची संवेदना जायला लागली. तारेवर बोट कुठे पडतंय ते तिला डोळ्यांनी बघावं लागे, गजाचं वजन हाताला कळत नसे. फेब्रुवारी 1973 मध्ये लंडनमध्ये ती एल्गारचा कंचेर्टो अखेरचा वाजवून गेली. संचालक होते झुबिन मेहता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये झुकरमनबरोबर ब्राम्स वाजवताना हातांनी साथ सोडली. ऑक्टोबरमध्ये निदान झालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार. वय अवघं 28.

ती घरी बसून रडत राहिली नाही. चाकाच्या खुर्चीतून शिकवत राहिली. गाऊन, बोलून, हातवारे करून. 19 ऑक्टोबर 1987 ला ती गेली, बेचाळिसाव्या वर्षी. एका पांढऱ्या गुलाबाच्या जातीला तिचं नाव आहे. 1998 मध्ये तिच्या खासगी आयुष्यावर सिनेमा निघाला आणि बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर सिनेमा नंतर बघा, आधी 1965 चं ध्वनिमुद्रण ऐका. जॅकी तिथे आहे.

चेलोवर यमन? धृपदसुद्धा!

चेलो आपल्या रागांनाही मानवलाय. अमेरिकेच्या नॅन्सी लेश यांनी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर धृपद आणलं. या डागरसाहेबांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला होतं. नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास पंडित हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या आणि दिल्लीत स्थायिक झाल्या. त्यांनी चेलोच बदलून घेतला: आकार लहान केला, चाराच्या पाच तारा केल्या, खाली दहा तरफा बसवल्या. आता तो भारतीय बैठकीवर मांडी घालून वाजवता येतो.

म्हणून एक विनंती. नांदेडला बंदाघाटावर गोदावरीकाठी दिवाळी पहाट होते, लातूरलाही रसिकांची वाण नाही. संयोजकांनी एखाद्या वर्षी गाण्याच्या जोडीला चेलोही बोलवावा. पहाटेच्या ललत-भैरवला हा आवाज शोभेल. आणि तोवर तुम्ही एवढं करा: यूट्यूबवर जॅकलिन दु प्रे, एल्गार, बार्बिरोली ही तीन नावं टाका. रचना साधारण अर्ध्या तासाची आहे. मध्ये थांबवू नका.