टायमिंग बेल्ट: वेळेआधी बदलायचा पट्टा

ब्रेक पॅड झिजले की कुरकुरतात, बॅटरी उतरली की सेल्फ जड जातो. टायमिंग बेल्टचं तसं नाही. प्लॅस्टिकच्या कव्हराआड तो मुकाट फिरत राहतो आणि बहुतेक वेळा कसलीही चाहूल न देता, चालत्या गाडीत तुटतो. मग कितीही सेल्फ मारला तरी गाडी उठत नाही आणि गॅरेजवाला सांगतो, "हेड उतरवावं लागेल."

खालीवर होणारे पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट इंजिनात खाली असतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर. हा दातेरी रबरी पट्टा दोघांना एका तालात ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-अठरा पट दाबून तापवायची आणि तीत डिझेल फवारायचं. एवढा दाब साधायला पिस्टन जवळजवळ हेडला भिडेपर्यंत वर येतो. पट्टा तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वेगातच असतो. तो उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

असा पट्टा असलेली पहिली मोटार १९६२ साली बव्हेरियातल्या ग्लास कंपनीने विकायला आणली. आपल्याकडे टाटा इंडिका, नाशिकला तयार झालेली लोगान डिझेल, डस्टर, चाकणची पोलो टीडीआय या सगळ्या पट्ट्याच्या गाड्या. स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनाला चेन आहे.

लोगान आणि डस्टरच्या १.५ डीसीआय इंजिनाचा बेल्ट बदलताना पाहण्यासारखं बरंच असतं. उजवं पुढचं चाक काढतात, इंजिनाला खालून आधार देऊन त्या बाजूचं माउंटिंग सोडवतात. मग कॅमच्या पुलीत एक पिन आणि क्रँकसाठी ब्लॉकमध्ये दुसरी. दोन्ही बसल्या म्हणजे टायमिंग पकडलं. आता जुना पट्टा उतरतो, नवा चढतो, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा काटा खुणेवर आणतात. यापुढचं काम मन लावून करणाऱ्या मेकॅनिकचं: पिना काढून तो पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो आणि पिना पुन्हा घालतो. सहज बसल्या तर ठीक. अडल्या, तर एखादा दात इकडेतिकडे झाला आहे. सगळं सोडून पुन्हा जुळवायचं. सेल्फ त्यानंतरच मारायचा.

या इंजिनात वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. नव्या पट्ट्यामागे जुना पंप जाम झाला, तर नवा पट्टाही जातो. म्हणून टेन्शनर आणि पंप सोबतच बदलावेत. मजुरी तशीही एकदा मोजलेलीच असते.

किती किलोमीटरला बदलायचा, हे ज्या त्या इंजिनावर ठरतं. मॅन्युअलमध्ये वर्षंही दिलेली असतात. रबर वयानेही जुनं होतं, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीलाही सूट नाही. सेकंडहँड गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागावं. ते मिळालं नाही, तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.