घरच्या घरी शिशाचं जिग ओतताय? आधी हे वाचा

खोल पाण्यात गळाने मासे धरणाऱ्यांमध्ये सध्या ‘जिग’ची चर्चा आहे. दुकानातलं जिग महाग पडतं आणि खडकात अडकलं की गेलंच. त्यामुळे मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच शिसं वितळवून जिग ओतायचा मोह होतो. मुंबईत लालबाग-परळच्या चाळीत राहणारा चाकरमानी असो की गावाकडचा खलाशी, काम दिसतं तितकं साधं नाही. जिग ओतता येतं, पण ते कुठे आणि कसं ओतायचं हे आधी कळायला हवं.

जिग म्हणजे काय?

जिग म्हणजे शिशाचा लांबट, मासोळीच्या आकाराचा तुकडा. आतून स्टीलची तार जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना कडी असते. वरच्या कडीला दोरी आणि गळ बांधतात. आमिष लागत नाही. जिग तळापर्यंत सोडायचं आणि झटके देत वर ओढायचं. परत खाली जाताना ते जखमी तारलीसारखं डोलतं. त्याला फसून सुरमई, कुपा, तांबोशी, गोबरा असे मासे झडप घालतात.

वजन किती हवं?

ठोकताळा सोपा आहे: एक फूट खोलीला एक ग्रॅम. उधाणाला ओढ जास्त असते, तेव्हा वजन वाढवायचं. मुंबईसमोरचा समुद्र लांबपर्यंत उथळच आहे. मुंबई हाय तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, पण तिथेही पाणी साधारण ७५ मीटरच. (तेलफलाटांच्या ५०० मीटर परिसरात बोट न्यायला बंदी आहे, हे लक्षात ठेवा.) म्हणून आपल्याकडे १०० ते २५० ग्रॅमचं जिग बहुतेक वेळा पुरतं.

वजनाचा अंदाज ओतायच्या आधीच घेता येतो. मातीचा किंवा लाकडाचा नमुना मापाच्या भांड्यात पूर्ण बुडवा. पाणी ९ मिलिलिटर वर चढलं, तर शिशाचं जिग साधारण १०० ग्रॅमचं होणार.

धोका कुठे आहे?

शिसं पाण्याच्या ११ पट जड आहे आणि ३२७ अंशांना वितळतं. म्हणजे घरच्या गॅसवरही पातळ होतं. हीच त्याची सोय आणि हाच धोका. जास्त तापलं की वाफ निघते. वर राखाडी मळी येते, तिची पूड हाताला, कपड्यांना, जमिनीला चिकटते. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, झोप, पोरांचा अभ्यास सगळं एकाच जागी. रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं.

शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. शरीरात किती शिसं चालतं, अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळालाही ते घातक आहे.

दुसरा धोका पाण्याचा. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून डोळ्यांत, तोंडावर उडतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी आणि गळ दुरुस्तीची कामं निघतात. पण गळक्या छपराखाली शिसं ओतायचं काम अजिबात काढू नका.

ओतायचंच असेल तर

- घरात, गॅलरीत किंवा चाळीच्या जिन्यात नको. उघड्यावर, कोरड्या दिवशी, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. मुलं आणि गरोदर बायका लांब.
- साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा होतो. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांमुळे हे सामान ओळखीचं आहे. पण साचा वरून कोरडा दिसला तरी आत पाणी राहतं. अनेक दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवा.
- जुन्या बॅटरीतलं शिसं वापरू नका. त्यात ॲसिड असतं, वितळवताना विषारी वायू निघू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडे द्यायची असते.
- भांडं आणि पळी कायमची वेगळी ठेवा. ती पुन्हा स्वयंपाकात नको.
- चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घाला. धुळीचा चांगला मास्क लावा, साधा रुमाल पुरत नाही.
- काम करताना विडी, तंबाखू, चहा बंद. नंतर हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- तयार जिगला रंगाचे दोन-तीन थर द्या, म्हणजे हाताळताना शिसं हाताला लागत नाही.

न वितळवता जिग

बांधकामाची १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरते. म्हणजे ११ ते १२ सेंटिमीटरचा तुकडा झाला १०० ग्रॅमचा. वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही टोकांना भोकं पाडून घ्या, कडा घासा, चकचकीत रंग द्या. शिशापेक्षा थोडं हळू बुडतं, पण चालतं. धूर नाही, वाफ नाही. ब्रिटनमध्ये तर हंस मरू लागल्यावर १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि तिथले गळवाले दुसऱ्या धातूंकडे वळले.

जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्याही दाताने दाबू नका, पकड वापरा. आणि घरात आधी शिसं वितळवलं असेल, तर डॉक्टरांना तसं सांगून मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. सुरुवातीला काहीच लक्षणं दिसत नाहीत, त्यामुळे दुखणं दिसायची वाट बघू नका.