पिकअप कधी थरथरते, कधी थरथरत नाही? पार्ट बदलण्याआधी दोष कसा शोधायचा



भाजीपाला, दूध, पाण्याचे जार, सिमेंट, फर्निचर, मंडपाचं सामान. धंदा कुठलाही असो, पिकअप घेतली की तीच तुमचं दुकान असते. बँकेचा हप्ता तिच्यावर, ड्रायव्हरचा पगार तिच्यावर आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही तिच्यावरच. म्हणून गाडीचा एखादा दोष समजून घेणं हे फक्त मिस्त्रीचं काम आहे असं समजू नका, ते मालकाचंही काम आहे.

आज बोलूया एका चिवट दोषाबद्दल. गाडी थरथरते, पण नेहमी नाही. सकाळी थरथरते, दुपारी गुळगुळीत चालते. मोकळी असताना काही नाही, लोड भरला की बुडाखाली हादरे. गॅरेजला नेली की तिथे नेमकी शहाण्यासारखी वागते! मग मिस्त्री म्हणतो, "बॅलन्सिंग करून बघू." फरक पडला नाही की, "टायर बदलून बघू." मग अलायमेंट, मग शॉकअप. प्रत्येक "बघू"चं बिल तुमच्या नावावर.

जरा हिशोब करा. समजा दिवसाला दोन फेऱ्या होतात आणि खर्च जाऊन फेरीमागे ८०० रुपये सुटतात. गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली की ३,२०० रुपये तिथेच गेले. पार्टचे आणि मजुरीचे पैसे वेगळे. आणि ज्या गिऱ्हाइकाने त्या दोन दिवसांत दुसरी गाडी बोलावली, तो परत येईलच याची खात्री नाही.

आधी हे बघा, मग बाकीचं

थरथर अचानक सुरू झाली असेल किंवा दिवसागणिक वाढत असेल तर शोध नंतर. आधी गाडी बाजूला घ्या आणि चार गोष्टी तपासा.

१. व्हील नट. एखादा सैल किंवा गायब आहे का? नटाभोवती गंजाची लाल रेघ दिसते का? चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर हा पहिला संशयित. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यायचे.

२. टायर. कुठे फुगवटा आला आहे का, पट्टी सुटली आहे का? आतली बाजूही बघा, दोष बऱ्याचदा तिथेच लपतो. रिमोल्ड टायर असेल तर जास्तच बारकाईने बघा.

३. गरम चाक. थोडं चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल किंवा जळका वास येत असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय.

४. स्टेअरिंग. नेहमीपेक्षा जास्त ढिलं लागतंय का, गाडी एका बाजूला ओढतेय का?

यातलं काहीही सापडलं तर लोड घेऊन घाटात जाऊ नका. एका फेरीचं भाडं बुडालं तर पुढच्या फेरीत भरून निघेल. घाटात चाक निखळलं तर ते कशानेच भरून निघणार नाही.

थरथर कुठून येते, हे थोडं गणित सांगतं

गाडीत वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या गतीने फिरतात. २१५/७५ आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा घेर साधारण २.२ मीटर. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. मागच्या एक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला ३० च्या आसपास. हा आकडा गाडीनुसार बदलतो, पण अंदाज कळला.

याचा उपयोग काय? चाकाचा दोष हा "धड-धड-धड" असा जवळजवळ मोजता येईल असा हादरा असतो. शाफ्टचा दोष मोजता येत नाही, तो "भर्रर्र" असा सीटखाली आणि पायाखाली भणभणतो. कोणता हादरा आहे एवढं नीट सांगता आलं तरी निम्मा शोध झाला.

जागाही बोलते. स्टेअरिंग हलतंय तर आधी पुढच्या चाकांवर संशय घ्या. सीट आणि फ्लोअर हलतंय तर मागच्या चाकांवर आणि शाफ्टवर.

तीन चाचण्या, खर्च फक्त डिझेलचा

सपाट, मोकळा रस्ता निवडा. सोबत एक माणूस घ्या. तुम्ही गाडी चालवा, तो लिहील.

पहिली चाचणी, उभ्या गाडीत. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि हळूहळू रेस द्या. चालताना इंजिनचा जेवढा आवाज असतो तेवढ्यापर्यंत न्या. उभ्या गाडीतही तशीच थरथर आली तर चाकं आणि शाफ्ट सुटले, कारण ते फिरतच नाहीत. संशय इंजिनवर किंवा इंजिनच्या माउंटिंगवर.

दुसरी चाचणी, क्लचची. ज्या स्पीडला थरथर येते त्या स्पीडला दोन-तीन सेकंद क्लच पूर्ण दाबा. उतारावर हे करू नका, आणि चावी तर अजिबात बंद करू नका. क्लच दाबूनही थरथर तशीच राहिली, तर ती चाकं, हब किंवा शाफ्टच्या बॅलन्सची. क्लच दाबताच थांबली, तर एकतर इंजिनची, नाहीतर जोर पडल्यावरच बिघडणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटची.

तिसरी चाचणी, गियरची. या दोघांतलं कोण, ते ही चाचणी सांगते. स्पीड तोच ठेवून एक गियर खाली घ्या. चाकं आणि शाफ्ट पूर्वीइतकेच फिरतात, फक्त इंजिन जास्त फिरतं. थरथर त्याच स्पीडला तशीच राहिली तर शाफ्टकडे बघा. गेली किंवा वेगळ्याच स्पीडला यायला लागली तर इंजिनकडे.

ब्रेकचंही बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. पुढची डिस्क वाकडी किंवा असमान झिजलेली असू शकते. ब्रेक दाबल्यावर हादरा फक्त मागून येत असेल तर ड्रम तपासा.

"कधी येते, कधी नाही" याचीही कारणं असतात

दोष लहरी नसतो. तो एका ठरावीक परिस्थितीत येतो आणि ती परिस्थिती आपल्या लक्षात आलेली नसते, एवढंच. काही नेहमीच्या परिस्थिती बघा.

सकाळी पहिले काही किलोमीटर हादरे, मग गायब: गाडी लोड घेऊन रात्रभर उभी राहिली की टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा चपटा होतो. गरम झाल्यावर पुन्हा गोल होतो. हवा कमी असेल तर हे जास्त जाणवतं.

शेतातून किंवा साईटवरून आल्यावर हादरे: रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटून सुकतो आणि चाकाचा तोल जातो. टायरवाल्याकडे जाण्याआधी रिम आतून धुवा. कधीकधी दुरुस्ती बादलीभर पाण्यातच होते.

हायवेला काही सेकंद थरथर, काही सेकंद शांत, पुन्हा थरथर: दोन चाकं थोडी थोडी बॅलन्सच्या बाहेर असतील तर त्यांचे हादरे कधी एकत्र पडतात आणि वाढतात, कधी एकमेकांना खोडतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर फिरतं, म्हणून वळणानंतर जुळणी बदलते. इथे चारही चाकांचं बॅलन्सिंग एकदम करायचं.

बरंच चालल्यावर सुरू, थांबून थंड झाल्यावर बंद: चिकटणारा ब्रेक किंवा जाणारं बेअरिंग.

लोड असतानाच, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावरच: लोडने मागचे पाटे दबतात, मागचा एक्सल वर येतो आणि शाफ्टचा कोन बदलतो. क्रॉस झिजलेला असेल तर तो इथे उघडा पडतो. लांब चासीच्या गाड्यांत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. ते रबर फाटलं की जोर पडताच शाफ्ट उचलला जातो. मोकळ्या गाडीत, गॅरेजच्या दारात हे कळणारच नाही.

आमच्या बॅचमधला नारायणगावचा एक मुलगा टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला जायचा. त्याची तक्रार अगदी हीच. दोन ठिकाणी बॅलन्सिंग झालं, दोन टायर नवे घातले, थरथर तशीच. त्याला म्हटलं, आठ दिवस कुठलाही पार्ट घेऊ नको, फक्त लिही. वहीत दिसलं की मोकळ्या परतीच्या प्रवासात एकदाही थरथर नाही. भरलेल्या गाडीत मात्र चढाला, जोर दिल्यावर, आणि क्लच दाबला की बंद. गियर बदलला तरी स्पीड तोच. मग मिस्त्रीला भरलेल्या गाडीत बसवून चक्कर मारली. खाली शिरून टॉमीने हलवून बघितलं, तर सेंटर बेअरिंगचं रबर अर्धं फाटलेलं. एका दुपारचं काम. दोन टायरच्या पैशांपुढे तो पार्ट अगदीच स्वस्त होता.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक वेळी सात गोष्टी: स्पीड, गियर, लोड किती, ॲक्सिलरेटर दिलेला की सोडलेला, ब्रेक दाबलेला की नाही, गाडी थंड की गरम, आणि हादरा कुठे जाणवला. ड्रायव्हर लिहायला कंटाळत असेल तर थांबल्यावर व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा. चालवताना मात्र मोबाईल नको.

मग गॅरेजला "गाडी व्हायब्रेट करते" असं सांगू नका. असं सांगा: "भाऊ, लोड असताना चौथ्या गियरला ५५ ते ६५ ला, ॲक्सिलरेटर दिला की सीटखाली भणभणतं. क्लच दाबला की थांबतं. ब्रेकशी संबंध नाही." चांगला मिस्त्री यावर लगेच योग्य जागी हात घालतो. नुसतं पार्ट विकणाऱ्यालाही कळतं की हा मालक माहीतगार आहे.

गॅरेजमधले चार नियम

एका वेळी एकच बदल. एकदम तीन पार्ट बदलले आणि थरथर गेली, तर कशाने गेली हे कधीच कळणार नाही.

पार्ट घेण्याआधी अदलाबदल. पुढची चाकं मागे टाका. हादरा स्टेअरिंगवरून सीटखाली सरकला तर दोष चाकातच आहे.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करायला सांगा. तो होता तसाच बसला पाहिजे. फिरवून बसला तर नवीन थरथर सुरू होऊ शकते.

बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या. नवीन टायर घेताना बाजूला छापलेला चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

धंद्यातही नेमकं हेच लागतं. विक्री कधी वाढते, कधी पडते, आणि आपण घाबरून एकदम रेट, माल आणि जाहिरात सगळंच बदलतो. आधी परिस्थिती लिहा, मग एकच गोष्ट बदला.

आजच ड्रायव्हरच्या सीटमागे एक छोटी वही आणि पेन ठेवा. पहिल्या पानावर वरच्या सात गोष्टी लिहा, आणि उद्याची फेरी निघण्याआधी चारही चाकांचे नट आवळून घ्या.